काशीतील अठ्ठावीस वर्षे

२०२५ सालच्या मे महिन्यात, २० तारखेला, डॉ. जयंत नारळीकर पुण्यात निवर्तले. त्यानंतरचे चार-आठ दिवस मराठी वर्तमानपत्रे त्यांच्या आठवणींनी भरून गेली होती. मी ते सारे लेख कात्रणे काढून वाचले. त्यांपैकी बहुतेकांत सुरुवातीलाच एक वाक्य नेमाने येई. जयंतरावांचे वडील बनारस हिंदु विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक आणि विभागप्रमुख होते, असे सांगून लेखक दुसऱ्या वाक्याला जो निघे तो थेट केंब्रिजलाच पोहोचे.

मी शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि चार कादंबऱ्या लिहिल्या म्हणून लोक लेखक म्हणतात इतकेच. पण मास्तराचा पाय अशा वाक्यात अडकतो. एका ओळीत बसवलेल्या त्या प्राध्यापकाने किती वर्षे शिकवले असेल? कोणाला शिकवले असेल? त्यातून पुढे काय उगवले? या प्रश्नांच्या मागे लागून जे हाती आले, ते यंदाच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवीत आहे. गणित नकोसे वाटणाऱ्यांनीही पान उलटू नये. गणित थोडे आहे, आणि जेथे आहे तेथे दिवाळीचीच पणती हाती घेऊन समजावून सांगणार आहे.

विष्णु वासुदेव नारळीकर यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापुरात झाला. वडील वासुदेवशास्त्री हे संस्कृतचे पंडित. घरात श्लोक, सूत्रे आणि पाठांतर यांचा राबता. अशा घरातला मुलगा व्याकरणाकडे किंवा वेदांताकडे वळता तर कोणाला नवल वाटले नसते. हा वळला गणिताकडे. तसे पाहिले तर ते अंतर फार नाही. पाणिनीची सूत्रे पाठ करणारा मुलगा कमीत कमी चिन्हांत जास्तीत जास्त अर्थ कसा भरावा, हे नकळत शिकतच असतो.

मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून १९२८ साली ते बी. एस्सी. झाले आणि त्याच वर्षी विलायतेला निघाले. विसाव्या वर्षी केंब्रिजला जाणे ही त्या काळी श्रीमंतांच्या मुलांची गोष्ट. शास्त्रीबुवांच्या मुलाला ती साधली ती जे. एन. टाटा निधी, मुंबई विद्यापीठ आणि कोल्हापूर दरबार यांच्या साहाय्यामुळे. जमशेटजी टाटांनी १८९२ साली काढलेला हा निधी होतकरू मुलांना परदेशी शिक्षणासाठी पैसे देतो ते कर्ज म्हणून. मुलाने शिकून यावे, कमवावे आणि फेडावे. म्हणजे त्याच पैशात पुढचा मुलगा जाईल, अशी ती योजना. पुढच्या हकिगतीत एक निवड यायची आहे. ती वाचताना हा तरुण कोणत्या घरातून आणि कोणाच्या पाठबळावर निघाला होता, हे ध्यानात असू द्यावे.

केंब्रिजची गणिताची परीक्षा म्हणजे ट्रायपॉस. तीत पहिल्या वर्गात येणारा तो रँग्लर. हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत नेला तो मुर्डीच्या रघुनाथ पुरुषोत्तम परांजप्यांनी. १८९९ साली ते त्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचे मानकरी झाले, आणि तेव्हापासून आपल्याकडे गणितात जरा चमक दाखवणाऱ्या पोराला 'रँग्लर होणार वाटते!' म्हणायची चालच पडली. १९०९ नंतर केंब्रिजने क्रमांक जाहीर करणे बंद केले, तरी रँग्लरची प्रतिष्ठा गेली नाही. नारळीकर १९३० साली रँग्लर झाले. वरच्या विषयांतील नैपुण्याची तारांकित नोंदही त्यांच्या नावापुढे लागली. खगोलशास्त्रातील टायसन पदक त्यांना मिळाले. पुढे आयझॅक न्यूटन विद्यार्थिवृत्ती आणि रॅले पारितोषिक हेही त्यांच्याकडे आले.

त्या वेळी केंब्रिजच्या वेधशाळेचा कारभार सर आर्थर एडिंग्टन यांच्याकडे होता. आइन्स्टाइनने १९१५ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला: जड वस्तूभोवतीचा अवकाशच वाकतो आणि त्या वाकलेल्या वाटेने ग्रहतारे चालतात. हे खरे की खोटे, याचा निकाल लावण्यासाठी एडिंग्टन १९१९ च्या मे महिन्यात खग्रास सूर्यग्रहण गाठून आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर गेले आणि सूर्याजवळून येणारे ताऱ्यांचे किरण वाकतात याचा पुरावा घेऊन परतले. नारळीकर अशा माणसाच्या सहवासात आले आणि त्या विषयाचे झाले ते कायमचेच.

आता ती निवड. १९३१ साली दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी पंडित मदनमोहन मालवीय लंडनला गेले होते. मालवीयजींची ख्याती अशी, की ते कोठेही गेले तरी त्यांची एक नजर विश्वविद्यालयासाठी देणगी कोण देईल इकडे असायची आणि दुसरी, चांगला प्राध्यापक कोण मिळेल इकडे. १९१६ साली कोनशिला बसलेल्या त्यांच्या विश्वविद्यालयात गणिताचे अध्यासन डॉ. गणेशप्रसादांसारख्या नामवंताने भूषविले होते. परंतु ते १९२३ मध्ये कलकत्त्याला गेले होते. मालवीयजींच्या कानावर या कोल्हापूरच्या तरुणाचे नाव आले. त्यांनी त्याला विचारले, काशीला येऊन गणित विभागाचे प्रमुखपद सांभाळाल का?

नारळीकरांपुढे त्या वेळी दुसरा रस्ताही मोकळा होता. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या तंत्रविद्या संस्थेत, म्हणजे कॅलटेकमध्ये, जाऊन संशोधन करण्याचे त्यांच्या मनात होते. जवळच माउंट विल्सनवर शंभर इंची दुर्बीण होती. तिच्यातूनच हबलने दूरच्या दीर्घिका आपल्यापासून दूर पळत आहेत असे दाखवून दिले होते, आणि १९३१ च्या आरंभी खुद्द आइन्स्टाइन त्या संस्थेत पाहुणे म्हणून जाऊन आले होते. सापेक्षतेच्या अभ्यासकाला यापरते तीर्थक्षेत्र कोणते? आणि इकडे काशी. तेथे ग्रंथालय अपुरे, नियतकालिके महिनोन्‌महिने उशिरा येणार, आणि या विषयावर दोन शब्द बोलायला दुसरा माणूस नाही.

नारळीकरांनी काशी निवडली. १९३२ साली ते रुजू झाले तेव्हा त्यांनी वयाची पंचविशीही गाठली नव्हती.

इतक्या लहान वयात विभागप्रमुख होणे ही त्या काळी अगदीच अपूर्व गोष्ट नव्हती. अलीगढच्या विश्वविद्यालयाने १९३० साली आंद्रे वेल या फ्रेंच गणितज्ञाला असेच तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी प्रमुख केले होते. त्यांनी बनारसहून आपल्या दामोदर धर्मानंद कोसंब्यांना अलीगढला नेले. पण दोनच वर्षांत वेल यांचे तेथे बिनसले आणि १९३२ साली त्यांना जावे लागले. पुढे ते जगातील अग्रगण्य गणितज्ञांत गणले गेले. अलीगढ त्यांच्या चरित्रातले एक छोटे प्रकरण होऊन राहिले. ज्या वर्षी तो तरुण अलीगढहून निघाला त्याच वर्षी हा तरुण काशीत शिरला, आणि तेथे अठ्ठावीस वर्षे राहिला.

काशी मराठी माणसाला परकी नाही. रायगडावर १६७४ साली शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट काशीचे. पुण्यात जन्मलेले बापूदेवशास्त्री एकोणिसाव्या शतकात काशीच्या संस्कृत कॉलेजात गणित आणि ज्योतिष शिकवीत. त्या परंपरेत शास्त्रीबुवांचा हा मुलगा आइन्स्टाइनची समीकरणे घेऊन जाऊन बसला.

विभागप्रमुख हा शब्द ऐकायला भारदस्त वाटतो. पण ज्याने एखाद्या शाळेचे साधे वेळापत्रक लावले आहे त्याला विचारा. कोण रजेवर, कोणाचा तास कोणी घ्यायचा, प्रश्नपत्रिका कोणी काढायच्या, पुस्तकांची मागणी कोठे अडली, नेमणुकीसाठी कोणाची शिफारस करायची. दिवसाचे तास यातच जातात. स्वतःचे गणित मग रात्री. नारळीकरांनी हे सारे सांभाळून संशोधन चालू ठेवले आणि विद्यार्थ्यांनाही त्यात ओढले. त्यातून जे मंडळ उभे राहिले त्याला पुढे सापेक्षतेचे बनारस घराणे म्हणू लागले. गाण्यातल्या बनारस घराण्यासारखे ते रसिकांच्या तोंडी नाही, पण जाणकार त्याचे नाव आदराने घेतात.

ही गोष्ट सोपी नव्हती. १९३० ते १९६० हा काळ सामान्य सापेक्षतेच्या पडतीचा. जगभरचे हुशार तरुण अणूकडे, पुंजवादाकडे, पुढे अणुशक्तीकडे धावत होते. गुरुत्वाकर्षणाचा हा सिद्धांत सुंदर आहे खरा, पण त्याचा उपयोग काय आणि तो पडताळायचा कसा, असे म्हणून लोक त्याला नमस्कार करून पुढे जात. आपल्या देशात कलकत्त्याला प्रा. निखिलरंजन सेन आणि काशीला प्रा. नारळीकर अशी मोजकीच माणसे या विषयाची ज्योत राखून होती. ज्या वाटेवर गर्दी नाही तीवर विद्यार्थ्याला नेणे ही मोठी जोखीम असते. त्याची नोकरी, त्याचे नाव, त्याचे सारे आयुष्य त्या शब्दावर टांगलेले असते.

अशी जोखीम घेऊन आलेल्या एकाची गोष्ट सांगतो.

१९४२ साल. देशात 'चले जाव'चे वारे. काशी विश्वविद्यालयातील विद्यार्थी त्या लढ्यात पुढे होते. अशा धामधुमीच्या वर्षी प्रल्हाद चुनीलाल वैद्य नावाचा एक चोवीस वर्षांचा गुजराती तरुण काशीला उतरला. बरोबर पत्नी आणि सहा महिन्यांची मुलगी. नोकरी नाही, शिष्यवृत्ती नाही; गाठीला थोडी शिल्लक तेवढी. ती पुरेल तोवर नारळीकरांपाशी बसून सापेक्षता शिकायची, एवढाच बेत. ती शिल्लक दहा महिने पुरली.

मी संसारी माणूस आहे, आणि हा मजकूर वाचणारेही बहुतेक संसारीच असणार. तान्ह्या मुलीला घेऊन परगावी, परभाषेच्या मुलखात, मिळकतीवाचून दहा महिने काढणाऱ्या त्या माउलीचा विचार माझ्या मनातून जात नाही. गणिताच्या इतिहासात तिचे नाव शोधूनही सापडायचे नाही. पण त्या दहा महिन्यांची अर्धी किंमत तिनेच मोजली आहे.

आता त्या दहा महिन्यांत काय झाले ते पणतीच्या उजेडात पाहू. आइन्स्टाइनची समीकरणे फार अवघड. ती एखाद्या प्रत्यक्ष ताऱ्यासाठी सोडवून दाखवणे हे कसबाचे काम. ते प्रथम केले कार्ल श्वार्झशिल्ड या जर्मन शास्त्रज्ञाने, पहिल्या महायुद्धात, रशियन आघाडीवर सैन्यात असताना. १९१६ साली त्यांचे उत्तर प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी ते वारले. मात्र त्यांच्या उत्तरातला तारा प्रकाश देत नाही. त्याच्याभोवती निखळ पोकळी, आणि त्याचे वस्तुमान आहे तेवढेच राहणार. म्हणजे ती न पेटलेली पणती झाली.

खरा तारा तर जळत असतो. जळताना तेल उणे व्हावे तसे त्याचे वस्तुमान घटत जाते. आपला सूर्यच सेकंदाला सुमारे चाळीस लाख टन वस्तुमान प्रकाशाच्या रूपाने उधळीत असतो. मग अशा पेटलेल्या पणतीभोवतीचा अवकाश कसा वाकेल? बाहेर पोकळी नाही, प्रकाशाचा लोट आहे; मधला तारा क्षणाक्षणाला हलका होतो आहे. वैद्यांनी काशीत या प्रश्नाला हात घातला आणि त्याचे नेमके उत्तर काढले. १९४३ साली बंगलोरच्या 'करंट सायन्स'मध्ये ते छापून आले.

आणि मग काहीही झाले नाही. वीस वर्षे त्या उत्तराकडे फारसे कोणी पाहिले नाही. सूर्यासारख्या ताऱ्याच्या बाबतीत त्याने पडणारा फरक इतका सूक्ष्म, की विद्वानांना तो एक सुबक बुद्धिविलास वाटला असल्यास नवल नाही. पण १९६३ साली क्वासार सापडले. दिसायला ताऱ्यासारखे, आणि एखाद्या दीर्घिकेलाही लाजवील असा प्रकाश ओकणारे. तेवढ्या प्रकाशाचा आणि तेवढ्या गुरुत्वाकर्षणाचा एकत्र हिशेब कसा मांडायचा, असा प्रश्न पडताच १९४३ चे ते उत्तर धूळ झटकून पुढे आले. आज जगभरच्या ग्रंथांत ते 'वैद्य मेट्रिक' म्हणून ओळखले जाते. कृष्णविवरे कशी वाढतात आणि कशी विरतात याच्या अभ्यासात ते पदोपदी लागते. वैद्य पुढे गुजरात विद्यापीठाचे कुलगुरू झाले, खादी आणि सायकल मात्र त्यांनी सोडली नाही. गुजरातेत मुलांना गणिताची गोडी लावण्यासाठी त्यांनी मंडळ काढले, मासिक काढले. गुरूचा वसा त्यांनी असा चालवला.

काशीतच के. आर. करमरकर यांनी नारळीकरांबरोबर काम केले. अवकाश किती आणि कसा वाकला आहे हे सांगणाऱ्या, कोणत्याही बाजूने मोजले तरी न बदलणाऱ्या राशी चौदा असतात. त्यांची जंत्री १९४८ च्या सुमारास या गुरुशिष्यांनी मिळून मांडली. त्याच वर्षी करमरकरांनी स्वतंत्रपणे एक अट शोधली. ती अट जवळजवळ सत्तर वर्षे पडून राहिली. आणि गेल्या दशकात अतिघन ताऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी ती अशी उचलली, की 'करमरकर अट' हे शब्द आता देशोदेशींच्या निबंधांच्या मथळ्यांत दिसतात. बीज कधी रुजेल याचा नेम नसतो, पेरणाऱ्याने फक्त पेरायचे, हे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. शिक्षकाला मात्र पुन्हा पुन्हा सांगावे लागते.

विश्वविद्यालयाच्या आवारातील नारळीकरांच्या घरात वेगळीच शाळा भरे. पत्नी सुमतीबाई कोल्हापूरच्या हुजूरबाजारांच्या, संस्कृतच्या विदुषी. त्यांचे एक बंधू वसंतराव हुजूरबाजार पुढे पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्रमुख झाले आणि १९६० साली केंब्रिजच्या ॲडम्स पारितोषिकाचे मानकरी ठरले. दुसरे बंधू मोरेश्वर, म्हणजे मुलांचे मोरूमामा, गणित शिकण्यासाठी बहिणीच्या घरी राहायला आले. घरच्या भिंतीवर नारळीकरांनी मुलांसाठी फळे करून घेतले होते. मोरूमामा त्यांवर भाच्यासाठी एखादे कोडे लिहून ठेवीत, आणि वर आव्हान म्हणून भाच्याच्या नावाची आद्याक्षरे. कोडे सुटेपर्यंत किंवा भाचा हरलो म्हणेपर्यंत ते पुसायचे नाही, असा नियम. भाचा क्वचितच हरे. हा भाचा म्हणजेच जयंतराव. धाकटे अनंतरावही पुढे पदार्थविज्ञानात गेले आणि अतिवाहकतेचे तज्ज्ञ म्हणून नावाजले.

जयंतराव १९५७ साली काशीची पदवी घेऊन केंब्रिजला गेले, तेही वडिलांच्याच फिट्झविल्यम हाउसमध्ये. १९६० साली त्यांना टायसन पदक मिळाले. बरोबर तीस वर्षांपूर्वी ते वडिलांना मिळाले होते.

त्याच १९६० साली वडिलांनी काशी सोडली. राजस्थान लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष म्हणून ते अजमेरला गेले. गणिताच्या प्राध्यापकाने नोकरभरतीच्या मुलाखती घ्याव्यात हे काहींना विचित्र वाटले असेल. पण माणूस पारखणे हेच तर त्यांनी अठ्ठावीस वर्षे केले होते. तेथून ते पुण्याला आले आणि पुणे विद्यापीठात लोकमान्य टिळकांच्या नावाच्या अध्यासनावर पुन्हा गणित शिकवू लागले. टिळकांनाही गणिताचे वेड, तेव्हा ते नाव त्या आसनाला शोभणारेच. नारळीकरांच्या षष्ट्यब्दीच्या निमित्ताने १९६९ साली अहमदाबादेत या विषयाची मंडळी जमली, आणि तेथे सापेक्षता व गुरुत्वाकर्षण यांच्या अभ्यासकांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष नारळीकरच. एके काळी ज्या विषयावर बोलायला दुसरा माणूस नव्हता, त्याची आता संस्था उभी राहिली. १ एप्रिल १९९१ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्याआधी तीन वर्षे, १९८८ साली, पुण्यात खगोलविज्ञानाचे आयुका केंद्र स्थापन झाले आणि त्याची सूत्रे मुलाकडे आली, हे पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले.

आता शेवटचा प्रश्न, आणि तोच मला पहिल्यापासून टोचत होता. ते कॅलिफोर्नियाला गेले असते तर? कदाचित एखादे मोठे सूत्र त्यांच्या नावावर लागले असते. आज सूत्र आहे ते वैद्यांच्या नावावर, अट आहे ती करमरकरांच्या नावावर, आणि घराण्याचे आडनाव जगाला ठाऊक आहे ते मुलामुळे. ज्याने हे सारे घडू दिले त्याच्या वाट्याला वर्तमानपत्रातली ती एक ओळ. हा तोटाच आहे. तो तोटा नाही असे म्हणून मी स्वतःची आणि वाचकांची समजूत घालणार नाही. पण काशीत ते नसते तर वैद्य ती तान्ही मुलगी घेऊन कोणाच्या दारात गेले असते? कॅलिफोर्नियाला काही त्यांची शिल्लक पोहोचली नसती. कर्ज काढून विलायतेला गेलेल्या मुलाने परत येऊन असे एक दार उघडले, की जेथे दुसऱ्याला दहा महिन्यांच्या शिलकीवर येता आले. टाटांच्या निधीचे कर्ज त्याने पैशांनी फेडले असेल; हे त्यावरचे व्याज म्हणावे.

वाचकहो, दिवाळीपूर्वी घरोघर रंगकाम निघते. आमच्या शाळेच्या पडवीलाही यंदा रंग दिला. रंगाऱ्याला सांगून मी तिथली हातभर भिंत काळी करून घेतली, पाचवीच्या पोराचा हात पोहोचेल एवढ्या उंचीवर. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी तिच्यावर एक कोडे लिहून ठेवले आहे, आणि सोडवल्याशिवाय पुसायचे नाही असे खाली बजावले आहे. शाळा उघडेल तेव्हा पाहू, कोणाचा खडू लागला आहे ते.